जुन्या बोटीचं आउटबोर्ड रेस घेत नाही, मध्येच दम सोडतं: कुठून बघायला लागायचं

आधी लक्षणं

सेकंडहँड बोट घेतली. विकणाऱ्याने किनाऱ्यालाच तिचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, चालू करून दाखवलं, आवाजही छान होता. पाण्यात जरा आत गेल्यावर त्याचा खरा स्वभाव कळला. तुमचं असं झालं असेल तर पाना हातात घेण्याआधी इंजिन नेमकं काय करतंय ते कागदावर लिहा. "नीट चालत नाही" एवढ्यावरून काहीही कळत नाही. खालच्यापैकी काय होतंय?

- लगेच सुरू होतं, स्लोला ठीक चालतं, पण रेस दिली की दोन-तीन मिनिटांत गळपटतं. पाच मिनिटं थांबलं की परत सुरू, आणि परत तेच.
- अर्धा चोक ओढून ठेवला तरच चालतं. किंवा वेगात बरं चालतं, पण स्लोला आणलं की बंद.
- सगळ्याच वेगात थरथरतं, एक सिलिंडर मेल्यासारखं. धूर आणि पेट्रोलचा वास जास्त.
- इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएम चढतात, बोट मात्र ढिम्म.
- ठरावीक आरपीएमच्या वर जातच नाही, सोबत बझर वाजतो.
- थंड असताना मस्त, अर्ध्या तासाने मिसिंग (मध्येच ठोका चुकणं) सुरू.
- वरचं झाकण काढलं की सुधारतं, बसवलं की गुदमरतं.

यातलं पहिलं लक्षण मी इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता नुसतं ऐकलं तरी हात आपोआप टाकीकडे जातो. या लेखाचा मोठा भाग त्याच्यासाठीच आहे.

कार्बोरेटर आधी उघडू नका

माझी पहिली जुनी बोट दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची होती. तिचा कार्बोरेटर मी एका महिन्यात तीनदा खोलला. जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) साफ केले, गॅस्केटं बदलली, फ्लोटची (आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मोजली. दर वेळी ड्रममध्ये इंजिन सुरेख चालायचं, आणि पाण्यात नेलं की पुन्हा तीच रड. शेवटी दोष निघाला टाकीच्या झाकणात. हवा घेणारं भोक मिठाने बंद झालं होतं. ड्रममध्ये इंजिन स्लोला चालतं, पेट्रोल थोडंच लागतं, म्हणून तिथे दोष दिसत नव्हता. पाण्यात पूर्ण रेसला पेट्रोल भराभर ओढलं जायचं, टाकीत हवा शिरायची नाही, आत निर्वात व्हायचं आणि पंप हात टेकायचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पेट्रोल ज्या वाटेने इंजिनाकडे जातं त्याच वाटेने आपणही जायचं, टाकीपासून सुरुवात करून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, फिल्टर आणि नळी एकदम बदलून इंजिन सुधारलं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या मोसमात तो परत येईल.

हात लावण्याआधी

पाण्याशिवाय आउटबोर्ड चालू करू नका, "फक्त दहा सेकंद" सुद्धा नाही. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पाण्यावरच फिरतो. कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याच्या पाती झिजतात, करपतात. जमिनीवर चाचणी करायची तर ड्रममध्ये पाणी भरून करा, किंवा पाणी आत घेण्याच्या जाळ्यांवर नळाच्या पाइपला जोडलेले रबरी कप लावून करा. दोन्ही वेळा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. फिरत्या पंख्याने हाताचं बोट गमावलेली माणसं बोटीच्या धंद्यात अजूनही भेटतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी जाऊन साठते आणि तिथेच बसून राहते. सुटी टाकी बोटीबाहेर काढून भरा. नळ्या सोडवाल तेव्हा बॅटरी काढलेली हवी, आणि योग्य प्रकारचं अग्निशामक हाताशी हवं.

टाकी, फुगा, नळी

सुटी टाकी असेल तर झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा. एवढ्यावर काम झालं तर लाजू नका, अनेकांचं होतं. स्क्रू उघडा असूनही भोक बंद असू शकतं. खात्री करायची सोपी रीत आहे. इंजिन गळपटायला लागलं की कुणाला तरी झाकणच सैल करायला सांगा. "सुस्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिनाने जीव धरला, की घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं.

मग नळीवरचा रबरी फुगा. त्याच्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. जुन्या बोटीत तो उलटा बसवलेला मी दोनदा पाहिलाय. फुगा बाण वर करून धरा आणि दाबत राहा. आठ-दहा दाबांत तो दगडासारखा घट्ट व्हायला हवा. घट्टच होत नसेल तर कुठेतरी हवा आत येतेय किंवा फुग्यातली झडप गेली आहे. घट्ट होऊन दोन मिनिटांत मऊ पडला तर पुढे कुठेतरी पेट्रोल गळतंय. कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब येतात का बघा. येत असतील तर फ्लोटची सुई बसत नाहीये.

खरी माहिती मिळते ती चालत्या बोटीत. त्यासाठी दोघं लागतात. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने फुगा हातात धरून बसायचं. इंजिन गळपटायला लागलं त्या क्षणी फुगा कसा लागतो?

चपटा झाला, आत ओढला गेला, तर अडथळा फुग्याच्या मागे आहे, म्हणजे टाकीच्या बाजूला. हवेचं भोक, टाकीतली उचलनळी, तिची जाळी, किंवा बोटीत बसवलेल्या टाकीची उलटा प्रवाह अडवणारी झडप. ही झडप लहानशी असते. आतली गोळी मीठ-गंज धरून अर्धवट चिकटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

फुगा मऊ आहे, पण दाबत राहिलं की इंजिन पुन्हा उचल खातं? मग इंजिनावरचा पेट्रोलपंप थकलाय, किंवा नळीत हवा शिरतेय. फुगा टणक आहे आणि दाबून काही फरक पडत नाही? मग अडथळा पुढे आहे, नाहीतर दोष पेट्रोलचा नाहीच. पंपाची हीच एक फुकटची परीक्षा आहे, आणि ती न करता लोक पंप बदलतात.

हवा शिरतेय असं वाटलं तर फुग्यानंतर वीतभर पारदर्शक, पेट्रोल चालणारी नळी तात्पुरती घाला. त्यातून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली तर मागचे जोड एकेक करून बघायचे. बहुतेक वेळा इंजिनाला नळी जिथे खटकन बसते त्या कनेक्टरमधलं ओ-रिंग चिरलेलं असतं. पेट्रोल बाहेर गळत नाही म्हणून कुणी तिकडे बघत नाही. पण तिथे पंप ओढत असतो. त्या भेगेतून पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते.

नळीचा अजून एक छुपा रोग आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटतं. एकदा मी अशी नळी चाकूने उभी कापून पाहिली. बाहेरून काळी, गुळगुळीत, नवीसारखी. आत मात्र अस्तराची पातळ साल लोंबत होती. ओढ वाढली की ती सपाट होऊन वाट बंद करायची, ओढ थांबली की परत मोकळी. "थांबलं की परत सुरू होतं" या लक्षणाचं सगळं गूढ तेवढ्या सालीत होतं. बोट जुनी आहे आणि नळीचं वय माहीत नाही, तर नळी, फुगा आणि क्लिपा सरळ नव्या घाला. न तपासता बदललेले चालतात अशा मोजक्या सुट्या भागांतला हा एक.

दुसऱ्या टाकीची चाचणी

एवढ्यात दोष हाती लागला नाही तर पुढचे तर्क बाजूला ठेवा आणि एक स्वच्छ सुटी टाकी आणा. तिच्यात ताजं पेट्रोल, तिचीच नळी, तिचाच फुगा. ती थेट इंजिनाला जोडा आणि बोट पाण्यात पूर्ण रेसला पंधरा मिनिटं चालवा. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका. प्रमाण त्या इंजिनाच्या पुस्तकातलंच घ्या. ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. काही जुन्या इंजिनांना याहून जास्त लागतं. ऑइल पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. मोटरसायकलचं चालणार नाही.

इंजिन व्यवस्थित चाललं तर ते निर्दोष आहे, आजार बोटीच्या टाकीत, नळीत किंवा पेट्रोलमध्ये आहे. तसंच अडखळलं तर बोटीची बाजू सुटली, आता इंजिनाचं झाकण उघडायला हरकत नाही. पंधरा मिनिटांत निम्मी शंका मिटते. लोक ही चाचणी सर्वांत शेवटी का करतात ते मला कळलेलं नाही.

पेट्रोल बरणीत काढून बघा

विकण्याआधी महिनोन्महिने उभ्या असलेल्या बोटीतलं पेट्रोल पहिल्या दिवसापासून संशयित समजा. टाकीच्या अगदी तळातून आणि फिल्टरमधून थोडं पेट्रोल एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढा. झाकण लावून मोकळ्या हवेत, उन्हापासून दूर रात्रभर ठेवा. सकाळी बरणी उजेडात धरून तिरकी करा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. थोडंच असेल तर पाऱ्यासारखे गोल मणी कडेने घरंगळताना दिसतात. पेट्रोलचा रंग गडद आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा असेल तर ते शिळं आहे.

इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरून ठेवतं. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात मुरलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात. उचलनळीचं तोंडही तिथेच असतं. असं पेट्रोल "नवं घालून पातळ करू" म्हणू नका. सगळं काढा, टाकी कोरडी करा. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा पाण्यात ओतायचं नाही, जिथे घातक कचरा घेतात तिथे द्यायचं.

फिल्टर याच वेळी बदला. पाणी वेगळं करणारा डब्याचा फिल्टर असेल तर तो फेकण्याआधी बरणीत उलटा करा. त्यात काय निघतं यावरून टाकीची हालत कळते. गंजाची लाल भुकटी निघाली तर फिल्टर बदलून भागणार नाही, ती टाकी तुम्हाला दर महिन्याला तोच खेळ दाखवत राहील. बोटीवर असा फिल्टर मुळातच नसेल तर बसवा.

इथे थोडं थांबून एक धोका

"चालतंय ना अडखळत, मग आजचा दिवस चालवू" हा विचार टू-स्ट्रोकमध्ये महाग पडतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात पिस्टनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. एका कार्बोरेटरचा जेट अर्धा तुंबला की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि मिश्रण पातळ म्हणून उष्णता जास्त. तिन्ही मिळून पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून दोष सापडेपर्यंत पूर्ण रेसला फक्त चाचणीपुरतं न्यायचं, आणि मिसिंग सुरू झालं की लगेच खाली आणायचं.

बॅटरी, स्विच, प्लग

इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात बॅटरी कमजोर असली तरी मिसिंग होतं, कारण पेट्रोलपंप आणि कॉम्प्युटर दोन्ही तिच्यावर चालतात. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल तर पान्याने घट्ट करा. हिरवट बुरशी धरली असेल तर घासून काढा, इंजिन ब्लॉकला जाणाऱ्या अर्थिंगची टोकंही विसरू नका. सुरक्षा दोरीच्या किल स्विचमध्ये मीठ साचलं की लाटेच्या धक्क्याने करंट क्षणभर तुटतो. मग पेट्रोल कमी पडल्यासारखं अडखळतं, पण एक फरक असतो: पेट्रोल संपताना इंजिन हळूहळू मरतं, करंट तुटला की खटकन.

प्लग काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते टेप लावून लिहा. नवे प्लग लावण्याची घाई करू नका, जुने प्लग ओळीने मांडून वाचा. तपकिरी आणि कोरडा म्हणजे तो सिलिंडर बरा. काळा, ओला, तेलकट असेल तर तिथे ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त होतंय. तासन्‌तास स्लोला चालणाऱ्या टू-स्ट्रोकचे सगळेच प्लग असे होतात, तो आजार नाही, सवयीचा परिणाम आहे. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ किंवा तापमान जास्त. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर शोध तिथेच.

दोन प्लग मात्र दिसले की काम थांबवा. एक, बाकीचे काळपट आणि हा एकटा वाफेने धुतल्यासारखा लख्ख: त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. दुसरा, पोर्सेलिनवर चंदेरी ठिपके असलेला. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत.

ठिणगी बघायची तर स्पार्क टेस्टर वापरा, तो स्वस्त असतो. चालत्या इंजिनात प्लगची टोपी ओढून "कुठला सिलिंडर मेलाय" बघायची जुनी पद्धत आहे, ती करू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो तो वेगळाच, पण करंटला जायला वाट नाही मिळाली की कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही जळू शकतात. थंड असताना ठिणगी ठीक आणि गरम झाल्यावर गायब, असं असेल तर कॉईल किंवा सीडीआय. हा दोष घरी पकडायला मीटर आणि संयम दोन्ही लागतात. मी दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिथे लावून बघतो. दोष कॉईलबरोबर सरकला तर कॉईल, जागच्या जागी राहिला तर पुढचं काम इलेक्ट्रिकलवाल्याचं.

पंखा आणि पाण्याची धार

आवाज चढतो पण बोट जात नाही, तर इंजिनाचा दोष असेलच असं नाही. पंख्याच्या मधोमध रबरी बुश असतो. पंखा दगडाला लागला तर गिअर वाचावेत म्हणून तो सरकतो. जुना झाला की जोर आला तरी सरकतो. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि एकदा जोरात चालवून या. रेघ तुटली असेल तर बुश गेला.

पंखा काढलाच आहे तर मागे शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळली आहे का बघा. ती ऑइल सील कापते आणि गिअरबॉक्समध्ये पाणी जातं. खालचा ड्रेन स्क्रू किंचित सैल करून थोडं गिअर ऑइल बोटावर घ्या. पांढरट दुधाळ आलं तर सील गेलेलं आहे, बोट पाण्यात न्यायची नाही.

इंजिन वरच्या आरपीएमला पोचतच नसेल तर कधी कधी पंखाच चुकीचा असतो, आधीच्या मालकाने जो मिळाला तो लावलेला. पूर्ण रेसला किती आरपीएम यायला हवेत ते पुस्तकात दिलेलं असतं, बऱ्याच इंजिनांना ते ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असतं. पिच (पंखा एका फेरीत जितकं पुढे सरकेल ते अंतर) एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पण आधी बोटीचा तळ बघा. शेवाळ आणि शिंपले धरलेला तळ घेऊन पंखे बदलत बसू नका.

बझर वाजून आरपीएम अडकले असतील तर इंजिन स्वतःला वाचवतंय. ऑइल बघा, आणि इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बघा. धार बारीक असेल तर आधी त्या भोकात नायलॉनची जाड दोरी सरकवून फिरवा, नुसतं भोकच तुंबलेलं असतं कधी कधी. तरीही धार सुधारली नाही, तर इम्पेलर.

झाकण बसवलं की गुदमरणाऱ्या इंजिनात बहुधा धुराची गळती असते. धूर झाकणाच्या आत कोंडतो आणि इंजिन तोच श्वासात घेतं. गॅस्केटपाशी काजळीचा पसरट डाग उमटलेला दिसतो. हे काम मी स्वतः करत नाही. तिथले जुने बोल्ट मिठाने इतके धरलेले असतात की सोडवताना तुटतात.

आता कार्बोरेटर

वरचं सगळं झालं, दुसऱ्या टाकीवरही अडखळतं, ठिणगी ठीक आहे, आणि विशेषतः चोक लावल्यावर सुधारतं, तर कार्बोरेटर उघडायला आता कारण आहे. चोकने हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणजे मुळात पेट्रोल कमी पडत होतं. स्लोला मरतं तर स्लोचा जेट, रेसला मरतं तर मेन जेट, एवढा ठोकताळा पुरतो.

उघडण्याआधी पंपाचा पडदा बघा. बऱ्याच टू-स्ट्रोकमध्ये पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या पोकळीच्या) दाबावर हलतो. पडद्याला बारीक भोक पडलं की पेट्रोल त्या दाबाच्या नळीतून थेट एका सिलिंडरमध्ये जातं. त्या सिलिंडरचा प्लग कायम ओला राहतो, आणि माणूस कार्बोरेटर साफ करत बसतो.

कार्बोरेटर खोलताना प्रत्येक पायरीला फोटो काढा. दोन-तीन असतील तर एका वेळी एकच उघडा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून समोर राहतो. स्लोचा मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांवर टेकतो ते लिहून ठेवा. मेन जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ जेटमधून सुईच्या टोकाएवढा, पण पूर्ण गोल उजेड दिसतो. पिवळट लाखेचा थर असेल तर तो गोल चंद्रकोर होतो, आणि तेवढी कोर पूर्ण रेसला इंजिन मारायला पुरते. लाख कार्बोरेटर क्लीनरने भिजवून काढा. आत स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कायमचा बिघडला. वायरमधला तांब्याचा एक केस चालतो, तोही नाइलाज झाला तरच. गॅस्केट आणि फ्लोटची सुई नवी घाला.

कार्बोरेटर एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या आणि त्यांचे स्क्रू मात्र जिथे आहेत तिथेच राहू द्या. ते सगळे एकाच वेळी उघडावेत आणि इग्निशनच्या टायमिंगशी जुळावेत म्हणून लावलेले असतात. ते जुळवणं माहीत असलेल्याचं काम आहे.

इम्पेलर

इंजिनाचा खालचा पाय (गिअरबॉक्स आणि पंख्याचा भाग) उतरवायला चार-सहा बोल्ट आणि गिअरच्या दांडीचा जोड एवढंच असतं, पण पहिल्यांदा कुणीतरी जाणकार सोबत घ्या. जुना इम्पेलर काढला की पाती मोजा. एक जरी कमी असली तरी ती कुठेतरी पुढे पाण्याच्या वाटेत अडकली आहे. ती सापडेपर्यंत काम पूर्ण नाही, नवा इम्पेलर लावून इंजिन पुन्हा तापतं ते त्यामुळेच. बोट जुनी आणि इम्पेलरचं वय माहीत नाही, तर हा मोसम सुरू होण्याआधीच बदला.

कॉम्प्रेशन, आणि थांबायची जागा

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. तो मोजायचं गेज असेल तर सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा, सुरक्षा दोरी काढा, रेस पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरवर इंजिन सारख्याच वेळा फिरवा. वायरी अर्थ करणं चुकवू नका, प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते बघायचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर बरं. पंधराच्या वर गेला तर ते सिलिंडर आजारी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर हेड गॅस्केट असण्याचा संभव मोठा.

खरं तर ही चाचणी बोट विकत घेण्याआधी करायची असते.

यापुढे मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका: कॉम्प्रेशनमध्ये फरक, धुतलेला किंवा चंदेरी ठिपक्यांचा प्लग, गिअरबॉक्समध्ये पाणी, इंजिनातून धातू ठोकल्याचा आवाज, कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलट उडणं, तुटलेला बोल्ट, आणि इंजेक्शनच्या इंजिनातली उच्च दाबाची पेट्रोलची नळी. बोटीत बसवलेल्या टाकीलाच गळती असेल आणि तळाला पेट्रोलचा वास येत असेल तर बोटीतला एकही स्विच न दाबता बाहेर या आणि मग फोन करा.

मेकॅनिककडे जाल तेव्हा "सगळं बघितलं, काही कळत नाही" म्हणू नका. तो कागद न्या: दुसऱ्या टाकीवर काय झालं, गळपटताना फुगा कसा होता, टेप लावलेले जुने प्लग, कॉम्प्रेशनचे आकडे. रात्रभर ठेवलेल्या बरणीचा फोटोही दाखवा.